मुलीच्या डिझाइनच्या डिग्रीसाठी जमीन तारण ठेवू का?

पत्र :
ताई, नमस्कार. विट्याजवळ माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. धाकटी मुलगी यंदा बारावी कॉमर्स ६८ टक्क्यांनी पास झाली. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला तिला ए ग्रेड होती. आठवीपासून दुकानात बसते, कॉम्प्युटरवर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो. आता तिला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन अँड मीडिया अशी चार वर्षांची डिग्री करायची आहे. फी वर्षाला साडेचार लाख, हॉस्टेल वेगळं. सीट धरून ठेवायला आठ दिवसांत पन्नास हजार भरा म्हणतात. थोरल्याचं इंजिनिअरिंग चालू आहे. सव्वा एकर बागायत आहे, ती बँकेकडे ठेवली तर जमेल. पण मेव्हणे म्हणतात, जे काम तिला येतंच त्याची डिग्री कशाला, आणि आता मोबाइलमधला एआय मिनिटात बॅनर करून देतो. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. तिने केलेल्या एका पत्रिकेचा फोटो पाठवतोय. काय करू?
– एक वडील, जि. सांगली

उत्तर :
नमस्कार दादा,

आधी पन्नास हजारांचं बोलते, कारण त्याला आठ दिवसांची मुदत लावलीय. भरू नका. आठ दिवसांत चार वर्षांचा निर्णय घ्यायला लावणं ही घाई त्यांच्या सोयीची आहे, तुमच्या नाही. कुणी भरलेच असतील, तर प्रवेश रद्द केल्यावर फी परत देण्याबाबत यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम आहेत आणि मूळ मार्कशीट-दाखले अडकवून ठेवायला कॉलेजांना मनाई आहे, एवढं माहीत असू द्या. पण पैसे परत मागत फिरण्यापेक्षा न भरलेले बरे.

आता पत्रिका. तो फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. आपल्याकडच्या पत्रिकेत नावांची किती गर्दी असते, ते तुम्ही रोज पाहता. निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक, समस्त भावकी, मामा-मावश्या, आणि कुणाचं नाव वर गेलं नि कुणाचं खाली यावरून रुसवे. तुमच्या मुलीने एकही नाव गाळलेलं नाही. दोन स्तंभ केलेत आणि दोन्हीकडच्या ओळी अशा बसवल्यात की डावीकडच्या नावाची शिरोरेषा उजवीकडच्या नावाच्या शिरोरेषेला बरोबर सरळ येते. वधू-वरांच्या नावांभोवती तिने कागद मोकळा सोडलाय. गिऱ्हाइकाने तिथेही गणपती, कलश, सनई-चौघडा टाका म्हटलं असणार, आणि तिने त्याला कसंतरी समजावलं असणार. हे कोरल शिकवत नाही. ही नजर आहे, आणि ती तिला आहे.

‘वऱ्हाडी मंडळी’ हे शब्दही पाहिले. त्यातला अर्धा ऱ तिने नीट काढलाय. तुमच्याच धंद्यात हा शब्द कितीतरी ठिकाणी रफार देऊन ‘वर्हाडी’ असा छापला जातो आणि कुणाला काही वाटत नाही. मात्र खाली एका मावशींच्या नावातला ल तिला निसटलाय. फॉन्टमध्ये होता तसा, उभा काना असलेला हिंदी वळणाचा ल आलाय. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो. २००९ साली राज्य सरकारने वर्णमालेबद्दल जो शासन निर्णय काढला, त्यातही हेच वळण धरलंय. तिला ही चूक दिसली नाही, कारण दाखवणारं कुणी नव्हतं.

तुमच्या मेव्हण्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. ‘जे येतं त्याचीच डिग्री’ नाही घ्यायची. तिला येतं ते मशीन चालवणं. ते ती दुकानात शिकली, उत्तम शिकली, आणि त्यासाठी एक रुपयाही कुठल्या विद्यापीठाला देऊ नका. ज्या कॉलेजच्या माहितीपत्रकात शिकवल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरांची यादी सगळ्यात ठळक असेल, ते तिच्या कामाचं नाही. तिला हवी आहेत ती माणसं, जी तिच्या कामाकडे बोट करून सांगतील की हा ल बघ, ही मोकळी जागा बघ, हा रंग स्क्रीनवर शोभतो पण छापल्यावर मातकट होतो तो का. तुम्हाला हे अनुभवाने ठाऊक आहे. मोबाइलवर झगझगीत दिसणारा निळा फ्लेक्सवर उतरला की गिऱ्हाईक कुरकुरतं. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, मशीन चार शाईंतून तो घडवते, आणि काही रंग शाईला गाठताच येत नाहीत. चांगल्या कॉलेजात हे पहिल्या-दुसऱ्या वर्षात रीतसर शिकवतात आणि मग मुलं रंग निवडतानाच छपाईचा विचार करतात.

उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात-छपाईच्या कामी येणाऱ्या कलेच्या, अभ्यासाची घडी साधारण अशी असते. पहिलं वर्ष पायाचं: वस्तुचित्र, निसर्गचित्र, द्विमित आणि त्रिमित संकल्प, अक्षरलेखन. हात काळे होतात, कॉम्प्युटरला फारसं कुणी हात लावत नाही, आणि तुमच्या मुलीसारख्या कोरलवर सराईत असलेल्या मुलांना हेच वर्ष सगळ्यात जड जातं. तिला आत्ताच सांगून ठेवा. पुढे टायपोग्राफी, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी, पॅकेजिंग, जाहिरात मोहीम, आता त्यात वेबसाइट-ॲपचे पडदे आणि हलती चित्रं. दर सत्राच्या शेवटी ज्युरी असते, म्हणजे भिंतीवर काम लावून चार शिक्षकांसमोर उभं राहायचं आणि असंच का केलं ते सांगायचं. डिग्रीतला सगळ्यात किमती भाग तो असतो.

हे शिक्षण महाराष्ट्रात काल आलेलं नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९५८मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. तिथे शिकलेले आणि शिकवलेले र. कृ. जोशी यांनी विंडोजमधला मंगल फॉन्ट घडवला. तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये तो बहुधा आहेच. रुपयाचं जे चिन्ह आपण २०१०पासून वापरतो, ते डी. उदय कुमार यांनी केलं, तेव्हा ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात संशोधन करत होते. देवनागरी र आणि रोमन आर एकत्र आणून ते साधलंय. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने मुक्त आणि बलू हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतील असे खुले केलेत. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ही नावं मिरवायला सांगत नाही. अक्षरावर काम करून आयुष्य उभं करता येतं, आणि तेही आपल्या लिपीच्या अक्षरावर, हे घरात बोललं जावं म्हणून सांगतेय.

दुकानातलंच आणखी एक उदाहरण. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं, तो युनिकोडमध्ये असतो, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर तसाच वाचता येतो. तुम्ही काम करता ते जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, मग आधी तो कन्व्हर्ट करावा लागतो, आणि तुमच्याकडचा मजकूर उचलून मेलमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फ्लेक्सपुरतं हे चालून जातं, कारण शेवटी ते चित्र म्हणूनच छापायचं असतं. पण वर्तमानपत्राची वेबसाइट, बँकेचं ॲप, सरकारी फॉर्म, शाळेचं ई-पुस्तक इथे मजकूर शोधता आला पाहिजे, वाचून दाखवता आला पाहिजे. तिथे मराठी नीट बसवणारी माणसं हवी आहेत आणि आज अशी माणसं कमी आहेत. जोडाक्षर कुठे तुटतं, वेलांटी वरच्या ओळीला कधी धडकते, इंग्रजीशेजारी मराठी बारीक का दिसते, हे ज्याला कळतं त्याला काम मिळतं. तुमच्या मुलीने या दिशेला निम्मा रस्ता नकळत कापलाय.

आता एआय. मेव्हण्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. वाढदिवसाचा बॅनर, सेलचं पोस्टर, एकाच जाहिरातीचे दहा आकार, हे काम स्वस्त होत चाललंय आणि आणखी होईल. नव्या मुलांना एजन्सीत शिरताना हीच कामं मिळायची, त्यामुळे पहिली नोकरी पूर्वीपेक्षा कठीण झालीय. हे खरं आहे आणि तिच्यापासून लपवू नका. पण यातून ‘शिकू नको’ असं निघत नाही, ‘ऑपरेटरच्या पायरीवर थांबू नको’ असं निघतं. मोबाइल दहा बॅनर देईल; त्यातला कोणता त्या गिऱ्हाइकाला, त्या चौकात, त्या लोकांसाठी योग्य आणि नऊ का नाहीत, हे सांगणारं माणूस लागतंच. आणि त्या यंत्राला मराठी लिहायला सांगून पाहा, जोडाक्षरांत अजून चुका सापडतात. त्या पकडायला ज्याला मराठी येतं तोच हवा.

मग शिकवायचं का? हो, शिकवा. जमीन ठेवून? नाही.

साडेचार लाखांप्रमाणे चार वर्षांचे अठरा लाख, हॉस्टेल-मेस, बरा लॅपटॉप, कागद-रंग-प्रिंट धरून पंचवीसच्या आसपास जातात. नुसत्या अठरा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं, तरी हप्ता महिन्याला जवळपास पंचवीस हजार येतो, आणि शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. डिझाइनमध्ये सुरुवातीचा पगार बऱ्याचदा त्या हप्त्याच्याच आसपास असतो. म्हणजे पोरीने पुण्यात राहायचं कशावर? हप्ता भरायच्या भीतीने ती मिळेल ती नोकरी धरेल आणि जे शिकायला गेली ते करायची हिंमत तिला होणार नाही. कर्ज काढायचंच झालं, तर साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज पात्र अभ्यासक्रमांना तारणाशिवाय मिळण्याची केंद्राची हमी योजना आहे. ती तुमची वरची मर्यादा समजा. बागायत त्याच्या बाहेर ठेवा. थोरल्याचं शिक्षण अजून चालू आहे, आणि एका लेकरासाठी रान गहाण पडलं तर भावा-बहिणीत जे येतं ते फेडून फिटत नाही.

रस्ता कोणता, तर सरकारी आणि अनुदानित कलामहाविद्यालयांचा. महाराष्ट्रात बीएफए (ललित कला) उपयोजित कला ही चार वर्षांची पदवी आहे, कोणत्याही शाखेची बारावी चालते, आणि प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एमएएच-एएसी-सीईटी या प्रवेशपरीक्षेतून होतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असं तिचं स्वरूप असतं. मुंबईला सर ज. जी. आहे (२०२३पासून ते अभिमत विद्यापीठ झालंय, त्यामुळे तिथली प्रवेशाची रीत आणि फी त्या-त्या वर्षीच्या सूचनेत वेगळी पाहायची), नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय चित्रकला महाविद्यालयं आहेत, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय, आणि कोल्हापूर-सांगलीतही कलाशिक्षणाची जुनी परंपरा आहे. या रस्त्याची फी साडेचार लाखांच्या जवळपासही जात नाही. शिवाय कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना राज्याने २०२४-२५पासून शिक्षणशुल्कात पूर्ण सवलत दिलीय. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. तुम्ही निवडाल त्या कॉलेजला आणि कोर्सला लागू आहे का, हे तिथल्या कार्यालयात प्रवेशाआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तिने यूसीड आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) परीक्षाही जरूर द्यावी. यूसीड आयआयटींच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी असते, कॉमर्सवाल्यांनाही चालते, जानेवारीत होते आणि फॉर्म त्याआधीच्या ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, त्यामुळे पुढचं वर्ष हातचं घालवू नका. एनआयडीला वयाची अट असते, ती पाहून घ्या. जागा थोड्या आणि देशभरची मुलं, तेव्हा याच दोन परीक्षांवर सगळी आशा ठेवू नये. पण तयारी एकच असते आणि त्या तयारीने सीईटीही सोपी जाते.

म्हणजे या परीक्षांसाठी यंदाचं वर्ष थांबायचं. गावात लोक विचारतील, पोरगी घरी का. विचारू देत. हे वर्ष तिने दुकानात कोरलसमोर घालवलं तर मात्र वाया गेलं. सकाळी एसटी स्टँडवर किंवा बाजारात वही घेऊन बसावं आणि माणसं काढावीत: उभी, वाकलेली, पोतं उचलणारी, गाडीची वाट बघून कंटाळलेली. रोज. पहिले महिनाभर चित्रं वाईट येतील, येऊ देत, वही फाडायची नाही. सांगली-कोल्हापूरकडे सीईटीची तयारी करून घेणारे कलाशिक्षक मिळतात, आठवड्यातून दोन दिवस तिला पाठवा. रद्दीत जुने दिवाळी अंक मिळाले तर घरी आणा. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं आणि कमल शेडगे यांनी केलेल्या नाटकांच्या नावांची अक्षरं तिने समोर ठेवून हाताने उतरवावीत, ट्रेस न करता. आणि पत्रिका सोडून वेगळ्या कामाचा एक संच करावा. तुमच्या गावच्या एसटी स्टँडची वेळापत्रकाची पाटी म्हाताऱ्या माणसाला लांबून वाचता येईल अशी कशी करता येईल? हे एक काम तिने कागदावर, दहा-बारा वेगवेगळ्या प्रयत्नांनिशी केलं, तर कुठल्याही मुलाखतीत तेच बोलेल. फसलेले प्रयत्नही जपून ठेवायचे, मुलाखत घेणारे ते आधी मागतात.

दुपारचा एक तास इंग्रजीला. याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मी हे फार जवळून पाहिलंय. गावाकडून आलेली, हातात कला असलेली मुलं ज्युरीत गप्प होतात. शेजारची मुलगी फाडफाड इंग्रजीत आपल्या साध्या कामाचं मोठं वर्णन करते आणि आपलं पोर सुंदर काम लावून खाली मान घालून उभं राहतं. काही मुलं पहिल्याच वर्षात स्वतःला कमी समजायला लागतात, आणि मग कामही लहान होतं. तिला आत्तापासून सांगा की मराठीत बोल, पण बोल. चांगले शिक्षक ऐकतात. इंग्रजी वाचता यावं, कारण विषयाची पुस्तकं बरीचशी त्यात आहेत; बोलणं दोन वर्षांत येतं. रोज रात्री जेवताना तिने त्या दिवशीचं एक चित्र तुम्हाला आणि वहिनींना दाखवावं आणि असं का काढलं ते सांगावं. तुम्ही फक्त विचारायचं, ‘हे इथंच का?’ गिऱ्हाइकं तुम्हाला वर्षानुवर्षं हेच विचारत आलीत, तुम्हाला ते जमेल.

खासगी विद्यापीठाचा विचार पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी शिक्षक आणि कार्यशाळा खरोखर चांगल्या आहेत, आणि कुठे गुणवत्तेवर फी-माफी मिळाली तर चित्र बदलतं. पण मग स्वतः जाऊन पाहा. पालकांना बोलावून सगळं सजवून दाखवतात त्या ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. टायपोग्राफी कोण शिकवतं आणि ते पूर्णवेळ आहेत की तासावर येतात, विचारा. ‘मीडिया’च्या नावाखाली नेमकं काय आहे, सत्रवार अभ्यासक्रम मागा, त्यात चित्र आणि अक्षर थोडं आणि डिजिटल मार्केटिंग भरपूर असेल तर साडेचार लाख कशाचे? तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं काम भिंतीवर पाहा, तुमची छपाईवाल्याची नजर आहे, कच्चं-पक्कं तुम्हाला लगेच कळेल. छपाईची कार्यशाळा चालू आहे की मशिनवर कापड टाकलंय, तेही कळेल. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाले, तर कुठल्या कामाला आणि किती पगारावर ते विचारा, आणि दोन माजी विद्यार्थ्यांशी तुमच्या फोनवरून बोला. पदवी कुठल्या विद्यापीठाची आणि ते यूजीसीच्या यादीत आहे का, हे तर पहिल्याच पानावर तपासायचं.

पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. मेव्हणे काय म्हणतात ते आहे, विद्यापीठवाले काय म्हणतात ते आहे. तिला हेच कॉलेज का हवंय, ते नाही. कदाचित मैत्रीण जातेय, कदाचित तिथली इमारत आवडली, कदाचित दुसरा रस्ता असतो हेच तिला कुणी सांगितलं नाही. आज दुकान बंद केल्यावर तिच्याशी बोला, मेव्हणे नसताना. हे पत्र तिला वाचायला द्या, आणि ‘नाही’ म्हणण्याआधी ‘तू शिकणार आहेस’ हे स्वच्छ शब्दांत सांगा. त्यानंतर वर्षभर थांबण्याचं बोललात तर ती ऐकेल.

आणि कामाला लागा: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर, इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र. तहसीलमध्ये जूनमध्ये झुंबड असते, दिवाळीनंतर गर्दी ओसरते. मात्र उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वेळी मुदतीत असावा लागतो, तो तेवढा शेवटी काढा.

– ताई